फोटो हलला : बंद खोलीतल्या पोर्ट्रेटचा इतिहास

खोलीत काढलेल्या फोटोत चेहरा धूसर आला की पहिला संशय फोकसवर जातो. बहुतेक वेळा फोकस ठीक असतो. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात समोरचा माणूस किंवा आपला हात हलतो. ‘फोटो हलला’ असं आपण म्हणतो ते अगदी नेमकं आहे.

भर दुपारच्या उन्हात साधारण लाखभर लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, दिवा लावलेल्या खोलीत जेमतेम शे-दोनशे. पाचशे ते हजार पटींचा फरक. डोळ्याला तो जाणवत नाही, कारण डोळा लगेच सरावतो. कॅमेऱ्याला मात्र या फरकाची भरपाई कुठून तरी करावीच लागते. खोलीतल्या पोर्ट्रेटचा सगळा इतिहास म्हणजे ही भरपाई कुठून करायची याचा शोध आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हा चांदीच्या मुलाम्याच्या प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. रस्ते, इमारती, पुतळे यांचे फोटो निघायचे, जिवंत माणसाचा निघणं कठीण. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने त्याच वर्षी स्वतःचा फोटो काढला तो घराबाहेर, मोकळ्या उजेडात.

१८४० मध्ये व्हिएन्नातला गणितज्ञ जोसेफ पेट्झव्हाल याने खास पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली. आकडेमोड इतकी अफाट होती की तिच्यासाठी तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं त्याच्या मदतीला दिली गेली. या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/३.६ च्या आसपास होतं (हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). आधीच्या लेन्सच्या पंधरा-वीसपट उजेड आत येऊ लागला आणि वेळ मिनिटांवरून सेकंदांकडे सरकू लागला. त्याची किंमतही होती. चित्राचा मधला भाग लखलखीत, कडा विरघळलेल्या. पण पोर्ट्रेटमध्ये चेहरा मध्यावरच असतो, त्यामुळे लोकांनी हा दोष खपवून घेतला, पुढे तर तो आवडायलाही लागला.

मोठ्या अ‍ॅपर्चरबरोबर फोकसची खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण स्पष्टतेची पट्टी, म्हणजे पुढून मागे जेवढ्या अंतरातलं सगळं स्पष्ट येतं तेवढा भाग, अरुंद झाली. त्यात आणखी एक भानगड होती. तेव्हाच्या प्लेट निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, डोळा मात्र पिवळ्या-हिरव्या उजेडात फोकस ठरवायचा, आणि लेन्स हे दोन रंग एकाच ठिकाणी आणत नसे. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर धारदार दिसलेला चेहरा प्लेटवर पुसट यायचा. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या आंत्वान क्लोदेने त्यावर एक साधन केलं : कमी-जास्त अंतरावर लावलेल्या, क्रमांक घातलेल्या पट्ट्या. त्यांचा फोटो काढायचा आणि कोणत्या क्रमांकाची पट्टी स्पष्ट आली ते पाहायचं. आज लेन्सचा फोकस तपासायला तिरपी मोजपट्टी ठेवतात, ती याच कल्पनेची नात.

उजेडासाठी स्टुडिओ इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर गेले. काचेचं छप्पर, आणि युरोप-अमेरिकेत शक्यतो उत्तरेकडची बाजू, म्हणजे थेट ऊन न येता आकाशाचा पसरट उजेड मिळे. दोरीने सरकवायचे पडदे आणि चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला धरायचा पांढरा फळा, एवढी सामग्री. एवढं करूनही माणूस हलायचाच, म्हणून डोक्यामागे लोखंडी स्टँड असे आणि त्याच्या वरच्या टोकाच्या दुबेळक्यात डोकं टेकवायचं. जुन्या पूर्णाकृती फोटोंत पावलांच्या मागे नीट पाहा, कधीकधी या स्टँडचा पाया दिसतो. मृत माणसाला उभं करायला तो वापरत, ही गोष्ट फार पसरली आहे. ती चुकीची आहे. देहाचं वजन पेलण्याची ताकद त्या स्टँडमध्ये नव्हती. तो जिवंत माणसाला स्थिर ठेवण्यासाठीच होता.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरन या ब्रिटिश फोटोग्राफरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. १८६४ च्या सुमारास तिने कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून त्याचा स्टुडिओ केला. मोठ्या प्लेट, लांबलेलं एक्स्पोजर (प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ), किंचित हललेले चेहरे. समीक्षकांनी तिला फोकस जमत नाही म्हणून झोडपलं. फोकस कोणता खरा हे ठरवणारे तुम्ही कोण, असा प्रश्न तिने शास्त्रज्ञ जॉन हर्शेलला लिहिलेल्या पत्रात विचारला आहे. मला तिची बाजू पटते. एका बाजूने येणारा तो उजेड कपाळावरून गालावर असा उतरतो की धूसरपणा सलत नाही. उलटं कधी होत नाही : उजेड वाईट असेल तर कितीही धारदार फोकस फोटो वाचवत नाही.

मग उजेड विकत मिळायला लागला. १८६४ मध्ये मॅग्नेशियमची तार जाळून पोर्ट्रेट काढले गेले. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी फ्लॅशची पावडर तयार केली. भक्कन जाळ, खोलीभर पांढरा धूर, आणि भाजण्याची भीती. १९३० च्या आसपास एकदाच वापरायचे फ्लॅशबल्ब आले, आणि त्याच दशकात हॅरल्ड एजर्टनने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं तंत्र विकसित केलं. सेकंदाच्या हजारो भागांपैकी एका भागात सगळा उजेड पडतो. आता कोणी हललं तरी फरक पडत नव्हता.

हलण्याचा प्रश्न सुटला, पण काचेच्या छपराखाली शिकलेलं बरंच काही हातचं गेलं. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लहान आणि अगदी समोरून येणारा. नाकाचा उठाव सपाट होतो, मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते, आणि डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावरून परतलेल्या प्रकाशाने बाहुल्या लाल दिसतात. छत्री, सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी), छतावर मारून परतवलेला फ्लॅश, ही सगळी त्या उत्तरेकडच्या छपराचीच नक्कल आहे : उजेडाचा उगम चेहऱ्यापेक्षा मोठा हवा आणि तो बाजूने यायला हवा.

फोकसचं काम हळूहळू यंत्राने उचललं. १९७७ मध्ये कोनिकाचा ऑटोफोकस, म्हणजे आपोआप फोकस धरणारा, कॅमेरा बाजारात आला, १९८५ मध्ये मिनोल्टा ७०००, आणि या शतकात कॅमेरे आधी चेहरा, मग थेट डोळा ओळखू लागले. त्याची गरज समजायला एक हिशेब पुरे. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीच्या लेन्सने, दीड मीटरवरून, एफ/१.८ वर स्पष्टतेची पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. डोळा धरला तर कान निसटतो. एफ/४ ला ती साडेसात सेंटिमीटरच्या आसपास जाते, पण उजेड पाचपट कमी होतो आणि शटर पुन्हा मंदावतं. म्हणजे गाडी परत १८४० च्या स्टेशनवर.

मी स्वतः खोलीतले दिवे आधी बंद करतो, नाहीतर एक गाल खिडकीच्या निळसर उजेडात आणि दुसरा दिव्याच्या पिवळ्यात येतो. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, तिला बाजू देऊन बसवायचं आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची. फोकस खिडकीकडच्या डोळ्यावर. शटर सेकंदाच्या १/१२५ भागाचं मिळालं तर ठीक. ढग आले आणि १/३० वर उतरावं लागलं, तर कॅमेरा ट्रायपॉडवर जातो आणि मी उंच पाठीची खुर्ची मागवतो. समोरच्याला म्हणतो, डोकं मागे टेकवा, श्वास सोडा, आणि तसेच राहा.