दमट हवेत होम रन अडतो का?

‘आज हवा दमट आहे, जड हवेत चेंडू लांब जाणार नाही,’ हे बेसबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारं वाक्य; म्हणजे होम रन, अर्थात चेंडू थेट कुंपणापार नेणारा फटका, अवघड. ते चुकीचं आहे, आणि उलटं आहे.

पाण्याच्या वाफेच्या रेणूचं वजन 18, नायट्रोजनचं 28, ऑक्सिजनचं 32. दाब आणि तापमान तेच असेल, तर हवेत वाफ वाढली की जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. म्हणजे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच, आणि विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी. घामाने अंग चिकचिकतं म्हणून ती आपल्याला जड ‘वाटते’, एवढंच.

मग हा समज टिकला कसा? कारण ओलाव्याचा परिणाम होतो, पण तो चेंडूवर. ओलावा शोषलेला चेंडू थोडा जड होतो आणि बॅटवरून कमी उसळतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरचं कूर्स फील्ड हे बेसबॉलचं मैदान पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंच, हवा विरळ, म्हणून कुंपणं मुद्दाम लांब ठेवलेली. तरीही 1999 मध्ये तिथे एका हंगामात 303 होम रन झाले! तिथल्या कोरड्या हवेत चेंडूही सुकत होते. 2002 पासून ते सुमारे 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवू लागले आणि होम रन घटले. हवा मात्र तितकीच विरळ राहिली. 2022 पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, तिसही मैदानांवर अशी सोय आहे. बाहेर फार दमट असेल तिथे तर ती चेंडू उलट कोरडाच ठेवते.

उंची, तापमान आणि वारा यांचा प्रभाव हवेतल्या दमटपणापेक्षा कितीतरी मोठा असतो.