मोठ्या आतड्याचा कर्करोग : जोखीम, तपासणी आणि निसटलेले निदान

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा कर्करोग. २०२० साली जगभरात याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. भारतात प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. मात्र इथे आजार बऱ्याचदा पुढच्या टप्प्यात सापडतो, आणि पन्नाशीच्या आतले रुग्णही पुष्कळ असतात. प्रस्तुत नोंदीत इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात या उशिराचा विचार केला आहे.

हा रोग अचानक उद्भवत नाही. अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, उगवतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, पण बहुतेक कर्करोग पॉलिपमधूनच निघतात आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीच्या तपासणीत, असा पॉलिप तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढता येतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पॉलिप काढलेल्या रुग्णांमध्ये कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळले. लवकर सापडणे वेगळे आणि होण्याआधीच थांबणे वेगळे. इथे दुसरेही शक्य आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

वाढते वय, स्थूलपणा, बैठे काम, तंबाखू, दारू, प्रक्रिया केलेले मांस आणि आतड्याचा जुना दाह यांनी जोखीम वाढते. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कशाला होईल’ या समजाला आधार नाही. आनुवंशिकतेकडे तर पुरेसे लक्षच जात नाही. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात आतड्याबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचीही शक्यता वाढते, म्हणून आत्या किंवा मावशीचा आजारही इथे महत्त्वाचा. पण घराघरांत आठवण उरते ती ‘आजीला पोटाचं काहीतरी होतं’ एवढीच. होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेल्या या कुटुंबांची एक पाती इंदुरात, दुसरी देवासला, तिसरी पुण्यात. कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेले, हे एकत्र लिहिलेले कुठेच नसते.

निदान निसटते ते बहुधा एका शब्दामुळे : मूळव्याध. शौचावाटे रक्त गेले की घरात मूळव्याध म्हणतात, दवाखान्यात बवासीर, आणि शहरातल्या भिंतींवर ‘बवासीर-भगंदर का शर्तिया इलाज’ रंगवलेलेच असते. नाव मिळाले की शोध थांबतो. मूळव्याध खरोखर असली तरी तिच्या वर, गुदाशयात, गाठ असू शकते. दोन्ही एकाच माणसात सापडतात. हातमोजा घालून बोटाने केलेल्या मिनिटभराच्या तपासणीत गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हाताला लागू शकते. रुग्ण संकोचतो, गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही टाळतात, आणि मलमाची ट्यूब घेऊन माणूस घरी जातो.

उजव्या बाजूची गाठ याहून फसवी. तिथे पोकळी रुंद असते, मल पातळ असतो, त्यामुळे अडथळा येत नाही. रक्त थोडेथोडे, डोळ्यांना न दिसता जाते. मग हिमोग्लोबिन उतरते, दम लागतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. स्त्रियांत दोष पाळीला दिला जातो. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळली, तर रक्त कुठून जाते हे शोधायलाच हवे. शौचाच्या सवयीत नवा बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना आणि कारणाविना घटणारे वजन ही अन्य लक्षणे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असेच चित्र उभे करतो. बायोप्सीशिवाय महिनोन् महिने क्षयाची औषधे देत राहणे धोक्याचे.

लक्षणे नसलेल्यांसाठी दोन मुख्य तपासण्या आहेत : मलातले अदृश्य रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी दरवर्षी, किंवा कोलोनोस्कोपी दहा वर्षांतून एकदा. अमेरिकेत सुरुवातीचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ केले गेले. फिटमध्ये रक्त आढळले तर कोलोनोस्कोपीच करायची. पुन्हा फिट करून मनाची समजूत घालायची नाही. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे ती मागून घ्यावी लागते. कोलोनोस्कोपीही चुकू शकते : पोट नीट साफ झालेले नसेल, दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे लहान आतडे जोडलेल्या टोकापर्यंत, पोहोचली नसेल, किंवा ती घाईने बाहेर काढली असेल तर चपटे पॉलिप राहून जातात. अहवालात या तीन गोष्टी लिहिल्या आहेत का, हे रुग्णाने जरूर पाहावे.

उशिराची किंमत आकड्यांत स्पष्ट दिसते. अमेरिकी नोंदींनुसार आतड्यापुरता मर्यादित आजार असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के पाच वर्षांनंतर हयात असतात; दूर पसरलेल्या आजारात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. आतड्याचे रक्त यकृतात जात असल्याने प्रसार बहुधा आधी तिथेच होतो. डाव्या बाजूची गाठ आतडे पूर्ण बंद करू शकते. मग तातडीची शस्त्रक्रिया आणि पोटावर मलाची पिशवी. गुदाशयातली गाठ गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचली तर ती पिशवी कायमची राहू शकते. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला ‘टाटा’त जाणाऱ्या कुटुंबांच्या फायलीत मूळव्याधीच्या जुन्या चिठ्ठ्या असतात, तेव्हा गेलेला काळ त्यांवरच्या तारखांतून मोजता येतो.

एकाचे निदान झाले की भावंडे आणि मुले यांची तपासणी चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. रुग्ण ४६ वर्षांचा असेल, तर त्याच्या मुलीची पहिली कोलोनोस्कोपी ३६ व्या वर्षी.