सूट घातला, पण पोत्याचा भार गेला कुठे?

दसरा झाला की इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीनचे ढीग पडायला लागतात. लिलाव होतो, तुलावटी तोलून देतो, आणि मग पोती भरणं, तोंडं शिवणं, थप्पी लावणं, ट्रक भरणं हे सगळं हम्मालांवर येतं. यातले दोघे जरा नीट बघा. एक जण वाकून भरलेल्या पोत्याचं तोंड शिवतोय. हातात फक्त सुई आणि सुतळी. दुसरा 50 किलोचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतोय. पाठीला आधार देणारा, अंगावर बांधायचा स्प्रिंगचा एकच सूट हाताशी असेल, तर तो द्यायचा कुणाला?

साहजिकच बोट दुसऱ्याकडे जातं. पण त्याला त्या सूटचा काडीचा उपयोग नाही. फायदा आहे तो सुतळीवाल्याला. असं का, हे कळलं की या सूटांबद्दलचं बहुतेक सगळं कळतं.

पाठीचा हिशेब सीसॉसारखा आहे. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची चकती हा टेकू. पाठीचे स्नायू टेकूच्या मागे, जेमतेम 6 सेंटिमीटरवर. पुढच्या बाजूला धड, डोकं, हात आणि हातात असेल ते. माणूस 65 किलोचा धरला तर कमरेवरचा भाग साधारण 36 किलोचा. तो कमरेतून वाकला की या 36 किलोंचा मध्यबिंदू टेकूच्या 25 सेंटिमीटर पुढे जातो. 36 गुणिले 25 म्हणजे 900. हे 900 तोलायला स्नायूंकडे फक्त 6 सेंटिमीटरचा दांडा आहे, म्हणून त्यांना ओढावं लागतं 150 किलोच्या जोराने. हातात काहीही नसताना! सुतळीवाल्याची कंबर संध्याकाळी का धरते, ते या एका भागाकारात आलं.

आता दोघांनी मिळून पोतं जमिनीवरून उचललं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 25 किलो आले. हात पुढे असल्यामुळे हे वजन टेकूपासून 40 सेंटिमीटरवर असतं. आधीच्या 900 मध्ये 1000 मिळाले, 1900 भागिले 6, म्हणजे सुमारे 317 किलो. एकट्याने उचललं तर 483. पोत्याचं आणि शरीराचं थेट दडपण यात धरलेलंच नाही. अमेरिकेतली नायोश ही कामगार-आरोग्य संस्था चकतीवरच्या दाबाची मर्यादा 3400 न्यूटन, म्हणजे सुमारे 350 किलो मानते. तिच्याच सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलायचं वजन 23 किलोवर थांबतं. आपल्याकडे सिमेंटची गोणी 50 किलोची असते.

कमरेच्या साध्या, बिनमोटारीच्या सूटमध्ये चार गोष्टी असतात: कंबरपट्टा, दोन्ही मांड्यांवरच्या गाद्या, छातीवरची गादी किंवा खांद्याचे पट्टे, आणि खुब्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग. स्प्रिंग पोलादी असेल, वायूच्या दाबाची असेल, नाहीतर सरळ रबरी पट्टा असेल. माणूस वाकतो तशी ती ताणली जाते आणि उठताना धडाला मागे रेटते. वाकताना धड आपल्याच वजनाने खाली येत असतं आणि एरवी स्नायू ब्रेक लावत त्याला सावकाश सोडतात. तो ब्रेक आता स्प्रिंग लावते आणि साठवलेलं थोडं उठताना परत देते. थोडंच, कारण घर्षणात आणि रबराच्या तापण्यात काही वाया जातंच.

अशा सूटचा रेटा आमच्या हिशेबाच्या भाषेत 300 धरू. 300 भागिले 6, म्हणजे स्नायूंचे 50 किलो वाचले. सुतळीवाल्याचे 150 चे 100 झाले, एक तृतीयांश ओझं उतरलं. 25 किलो उचलणाऱ्याचे 317 चे 267 झाले. एकट्याने 50 किलो उचलणाऱ्याचे 483 चे 433, म्हणजे दहावा हिस्सा, आणि मर्यादा ओलांडलेली ती ओलांडलेलीच. सूट सगळ्यांना तेवढाच देतो. ज्याचं ओझं मुळात लहान, त्याला ते देणं मोठं वाटतं. प्रयोगशाळांमध्ये पाठीवर इलेक्ट्रोड चिकटवून केलेल्या मोजमापांत अशा सूटमुळे स्नायूंचं काम 10 ते 40 टक्क्यांनी घटलेलं दिसतं. एवढी मोठी तफावत का, तर कामच वेगवेगळं होतं.

फळीवर चढणारा मात्र ताठ चालतो, किंचितच पुढे झुकतो. स्प्रिंग ताणलीच जात नाही. पोत्याचा भार मणक्यातून खुब्यात, गुडघ्यात, घोट्यात उतरतो आणि सूट मध्ये कुठेच येत नाही. उलट सूटचे स्वतःचे दोन-तीन किलो पाठीवर बसतात. त्याचं ओझं खरोखर कमी करायचं तर सांगाडा पायाच्या तळव्यापर्यंत नेऊन भार जमिनीत सोडावा लागेल, खेकड्याच्या कवचासारखा. मग प्रत्येक सांध्याशी मोटार आली, बॅटरी आली. पायात वाढवलेला एक किलो कमरेवरच्या एका किलोपेक्षा चालताना कितीतरी पटींनी महाग पडतो, कारण प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे फेकायचा असतो. शिवाय फळी एक-दीड वीत रुंद आणि लवचीक. अशा फळीवर यांत्रिक पाय घेऊन चढायची कल्पना ज्याने फळी पाहिलीच नाही त्यालाच सुचेल.

हा मोह जुना आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1965 मध्ये ‘हार्डिमन’ नावाचा असा सांगाडा हाती घेतला. तो घालून माणसाने 680 किलो उचलावेत असं स्वप्न होतं, आणि यंत्राचं स्वतःचं वजनही तेवढंच भरलं. पूर्ण यंत्र सुरू केलं की ते बेभान हिसके द्यायचं. अखेर एकच हात कामाचा झाला. याउलट 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी घोट्याला फक्त एक स्प्रिंग आणि एक क्लच बसवला, ना मोटार ना बॅटरी, आणि चालण्यातला ऊर्जेचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी कमी करून दाखवला. पाऊल टेकलं की क्लच स्प्रिंग पकडतो, पाऊल उचललं की सोडतो, एवढंच.

जपानने आणखी एक वाट काढली. जोसेफ मॅकिबेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1950च्या दशकात, पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी, हवेचा स्नायू तयार केला होता. रबरी नळी, तिच्यावर तिरक्या विणीची जाळी. हवा भरली की नळी फुगते, जाळी रुंद होते आणि रुंद होताना लांबीला आखडते. सुतळीची जाळीदार पिशवी आडवी ताणली की उंचीला कमी होते, तसंच. टोकियो विज्ञान विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘मसल सूट’मध्ये हेच तत्त्व आहे. हवा हातपंपाने भरायची, चार्जिंगची भानगड नाही. सायबरडाइन कंपनीचा ‘हॅल’ अगदी वेगळ्या जातीचा: तो कातडीवरून स्नायूंचे विद्युत संकेत वाचतो आणि मोटार चालवतो. पण घामाने आणि धुळीने माखलेल्या पाठीवर इलेक्ट्रोड दिवसभर चिकटून राहतील, अशी आशा मंडीत तरी धरू नये.

रबरी पट्ट्यांच्या सूटबद्दल एक बारकावा विक्रेते सहसा सांगत नाहीत. पट्टा पाठीमागून खांद्यापासून मांडीपर्यंत जातो, टेकूपासून साधारण 12 सेंटिमीटरवर. 300 चा रेटा द्यायला त्याला 25 किलोंनी ताणावं लागतं. स्नायूंचे 50 किलो वाचले खरे, पण पट्ट्याच्या ताणाचे 25 किलो मणक्यांवरच दाबतात. चकतीची निव्वळ बचत 25. पट्टा पाठीपासून जितका लांब, तितका सौदा चांगला. अंगाशी घट्ट चिकटलेला पट्टा दिसायला सुबक आणि कामाला अर्धवट. कडक दांड्याच्या सूटमध्ये हा दाब जवळजवळ टळतो, पण तिथे रेटा छाती-मांड्यांवर येतो. छातीची गादी खुब्यापासून 40 सेंटिमीटरवर असेल तर तिच्यावर साडेसात किलो. मांडीची गादी 25 सेंटिमीटरवर असेल तर दोन्ही मिळून 12, म्हणजे प्रत्येक मांडीवर 6. दिवसात हजारदा साडेसात किलो छातीवर टेकले की पहिल्याच आठवड्यात तक्रार येते. बायकांसाठी तर छातीची गादी जवळपास बादच. त्यांना खांद्याच्या पट्ट्यांचाच सूट द्यावा.

सूट नकोसा होतो तो बहुतेक वेळा मापामुळे. कंबरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर पट्टा बांधायची सवय असलेल्यांना हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. स्प्रिंगची खीळ नेमकी खुब्याच्या सांध्यासमोर हवी. तो सांधा शोधायला कमरेच्या बाजूला तळहात ठेवून तोच पाय आत-बाहेर फिरवावा. हाताखाली हाडाचं एक बोंड फिरताना लागतं, तीच जागा. खीळ दोन-तीन सेंटिमीटर जरी वर-खाली झाली, तरी माणूस एका बिंदूभोवती वाकतो आणि सूट दुसऱ्या. मग गाद्या कातडीवर घासतात आणि पट्टा प्रत्येक वाकण्याबरोबर थोडा थोडा वर चढतो.

स्प्रिंगची निवड हलकीपासून सुरू करावी. ओळखायची खूण सोपी: वाकायला पोटाचे स्नायू आवळावे लागत असतील, तर स्प्रिंग त्या माणसाला जड आहे. पाठीचं काम पोटावर टाकून काही हाती लागत नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. आणि स्प्रिंगचा जोर बंद करण्याची कळ हातमोज्यातूनही सापडली पाहिजे. स्प्रिंगला माणूस वाकला की बसला हे कळत नाही, तिला फक्त धड आणि मांडी यांच्यातला कोन कळतो. चहाला टेकलं की सूट उठवायला बघतो. जिना चढताना उचललेली मांडी खाली दाबतो. उकिडवं बसून कांदे निवडणाऱ्यांना, इंदूरच्याच चोइथराम मंडीत असे पुष्कळ दिसतात, तो याच कारणाने छळ वाटेल.

मंडीचे स्वतःचे शत्रू वेगळे. पहिला शत्रू बारदान. तागाचे तंतू वेल्क्रोच्या आकड्यांत भरतात आणि काही दिवसांत पट्टा आपोआप सुटायला लागतो; रोज संध्याकाळी जुन्या दातब्रशने वेल्क्रो साफ करावा, किंवा मुळातच बकलचा सूट घ्यावा. धान्याची बारीक धूळ खिळीत जाऊन तेलाशी मिसळते, तिचा मसाला होतो आणि सांधा करकरतो, म्हणून तिथे तेल सोडूच नये, कोरड्या फडक्याने पुसावं. रबर मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली टांगून ठेवलं की महिन्याभरात ढिलं पडतं. गाद्यांखाली घाम साचतो. एकच सूट दोन पाळ्यांत दोघांनी वापरला तर गजकर्ण ठरलेलं. सूट सामाईक असला तरी गाद्यांची खोळ ज्याची त्याला हवी. आणि हम्मालाचा लोखंडी आकडा सूटच्या सैल पट्ट्यात अडकून फळीवर तोल गेला, तर वाचलेली कंबर काय कामाची?

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यांतलं काम निराळं. तिथे गाडीखाली उभं राहून, हात डोक्यावर धरून बोल्ट आवळायचे असतात. हात साधारण साडेतीन किलोचा, त्यात दोन किलोचं ड्रिल; खांद्याचा छोटा स्नायू ते तासन्‌तास पेलतो. खांद्याच्या सूटमध्ये स्प्रिंगला एक कॅम, म्हणजे वाकड्या कडेची चकती, जोडलेला असतो. हात खाली असताना रेटा शून्य, खांद्याच्या उंचीला सर्वात जास्त. फोर्डने 2018 मध्ये 7 देशांतल्या 15 कारखान्यांत असे 75 जाकिटासारखे सूट दिले. एकच हालचाल, ठरलेली उंची, सपाट जमीन: सूटला असंच काम मानवतं.

मंडीत हम्माली नगावर मिळते, हे इथे विसरून चालणार नाही. पाठ हलकी वाटली की माणूस दिवसाला वीस पोती जास्त मारतो आणि वाचलेलं पुन्हा खर्च होतं. म्हणून आधी दोनचाकी ढकलगाडी, आधी 50 च्या जागी 25-30 किलोची गोणी, आधी शिवायचं पोतं गुडघ्याच्या उंचीच्या पाटावर. पाटाला काहीशे रुपये लागतात आणि तो सुतळीवाल्याचं वाकणंच निम्म्यावर आणतो. पाटावर ठेवूनही जिथे वाकावंच लागतं, ढिगातून घमेल्याने पोतं भरणं, सांडलेलं धान्य झाडून गोळा करणं, खालची थप्पी लावणं, तिथे सूटची पाळी.

आणि तो घ्यायचाच तर दुकानात आरशासमोर नाही, ढिगापाशी तपासायचा. बांधून झाल्यावर कंबरपट्ट्याच्या खालच्या कडेला लागून सदऱ्यावर खडूने रेघ ओढा. घमेलं घेऊन 20 वेळा वाकायला सांगा. पट्टा रेघेच्या एक बोट वर गेला, तर माप चुकलंय किंवा खीळ चुकलीय; दोन्ही दुरुस्त करून पुन्हा 20. तिसऱ्या खेपेलाही रेघ पट्ट्याखाली दिसत राहिली, तर तो सूट त्या माणसाचा नाही. दुसऱ्याला घालून बघा.