सनस्क्रीनवर ‘समुद्रस्नेही’ छापायचंय? जलचर चाचणीचा अर्ज आणि कागदपत्रं

सनस्क्रीन बनवण्याचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी जलचरांवरच्या परिणामाचा अहवाल जोडावा लागत नाही. तो लागतो ट्यूबवर ‘समुद्रस्नेही’ छापायचं ठरलं की. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणाचा दावा करणाऱ्याकडे पुरावा हवा.

अर्ज कुणाकडे?
थेट प्रयोगशाळेकडे. उत्पादक, ब्रँडमालक, संशोधक, कुणीही ‘प्रायोजक’ म्हणून चाचणी करून घेऊ शकतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या ठरलेल्या शिस्तीत करण्याचे नियम) प्रमाणपत्र असलेली प्रयोगशाळा निवडा. पण नुसतं ‘जीएलपी’ वाचून नमुना पाठवू नका. प्रमाणपत्राच्या व्याप्तीत जलचरांवरच्या चाचण्या आहेत का, हे पाहा.

कागदपत्रं
बॅच क्रमांक, मुदत, विश्लेषण प्रमाणपत्र, सुरक्षा माहितीपत्रक, साठवणुकीच्या सूचना आणि टक्केवारीसह घटकांची यादी. फॉर्म्युला द्यायचा म्हणजे गोपनीयता करार आधी. सगळ्यात महत्त्वाची माहिती विद्राव्यतेची. क्रीम पाण्यात नीट विरघळत नाही, तवंग धरतं. मग टाकलं किती आणि जिवांपर्यंत पोचलं किती, यात मोठी तफावत पडते. पाण्यातलं प्रत्यक्ष प्रमाण मोजणार का, हे दरपत्रक मागतानाच विचारा.

कोणती चाचणी?
चाचण्यांना ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे क्रमांक असतात. ओईसीडी 201 म्हणजे शेवाळाची वाढ, 72 तास. ओईसीडी 202 मध्ये 24 तासांहून लहान डॅफ्निया (पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव), प्रत्येक मात्रेला किमान 20, 48 तास पाहतात. माशांवरची 203 मात्र मागू नका: सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचणीवर भारतात 2014 पासून बंदी आहे. माशाच्या कल्ल्यांच्या पेशींवरची 249 हा पर्याय 2021 मध्ये आला. 1960च्या प्राणी क्रूरता कायद्यात ‘प्राणी’ची व्याख्या माणूस सोडून सर्व जिवांना कवेत घेते, म्हणून डॅफ्नियाबद्दलही प्रयोगशाळेचं म्हणणं लेखी घ्यावं.

अभ्यास आराखड्यावर अभ्यास संचालकाची सही झाल्यावरच काम सुरू होतं. अंतिम अहवालात गुणवत्ता हमी विभागाचं निवेदन नसेल तर तो स्वीकारू नका.

आणि 201, 202 मधले जीव गोड्या पाण्यातले. त्यावरून ‘प्रवाळांना सुरक्षित’ लिहिता येत नाही. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा आणून घरच्या घरी तपासू म्हणाल, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. संशोधनासाठीसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.