आकाशवाणी पुणे केंद्र

आकाशवाणी पुणे हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे सार्वजनिक नभोवाणी केंद्र. मुंबईहून नभोवाणीचे प्रसारण १९२७ मध्येच सुरू झाले होते; पुण्याला स्वतःचे केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधी जयंतीला. शिवाजीनगर येथील या केंद्राचे प्रसारण मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर होत आले आहे, तर विविध भारती एफएम १०१ वर ऐकू येते.

केंद्राची ख्याती मुख्यतः ‘गीतरामायणा’मुळे झाली. कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक, अशी वर्षभराची ५२ गीते ठरली होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत लागे आणि शनिवारी-रविवारी ते पुन्हा ऐकवले जाई. त्या वेळेला घरोघरी रेडिओला हार घालून उदबत्ती लावली जात असे. वर्तमानपत्रे गीतांचे शब्द छापू लागली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशा अनेक गायकांचे आवाज या मालिकेत होते. १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला, ती संपली.

नेमक्या याच सुमारास, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये, केंद्राने दुसरा एक प्रयोग केला. त्याची आठवण आज फार कमी जणांना आहे, पण श्रोत्यांशी नाते जोडण्याच्या दृष्टीने तो अधिक धाडसी होता. कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांच्या धर्तीवर, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘शेतकरी रेडिओ मंडळे’ काढण्यात आली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास खास त्यांच्यासाठी कार्यक्रम लागे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. बारा-पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि खरे काम सुरू व्हायचे: ऐकलेले आपल्या शिवारात कितपत लागू पडते, यावर चर्चा. मंडळाचा चिटणीस तिचा अहवाल आणि मंडळाच्या शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. आपण विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर गावाने मिळून रेडिओवर ऐकायचे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे मात्र फरक फारच थोडा पडला. म्हणजे परिणाम साधला तो एकत्र ऐकण्या-बोलण्याने. पुढे ही योजना देशभर नेण्यात आली.

ग. दि. माडगूळकरांचे धाकटे बंधू, कथाकार व्यंकटेश माडगूळकर, यांनी केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ काम केले. शहरी पुण्याच्या केंद्राला माणदेशाची बोली जाणणारा माणूस मिळाला, हा मोठाच योग. पुढच्या काळात श्रोत्यांचा सहभाग मुख्यतः पत्रांतून राहिला, नंतर त्याला फोनची जोड मिळाली.

पुण्याहून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणारे प्रादेशिक बातमीपत्र महाराष्ट्रात घराघरांत ऐकले जाई. घड्याळ लावावे इतकी त्याची सवय झालेली. सुधा नरवणे यांचा आवाज कित्येकांना नावानिशी ओळखू येई. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याला पुण्यातून जोरदार विरोध झाला. तो पाहून तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली.