पार्श्वभूमी : नीटमध्ये ११९ गुण आणि तरीही एमबीबीएसला पात्र

२०१८ च्या नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरील परीक्षेत, ७२० पैकी ११९ गुण मिळवणारा खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी एमबीबीएसच्या प्रवेशाला पात्र ठरला. राखीव प्रवर्गांसाठी रेषा ९६ वर होती. टक्क्यांत मांडायचे तर सुमारे साडेसोळा आणि सव्वातेरा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला वजा एक आणि चार पर्याय, असा पेपर कोणी न वाचता नुसता गोळे रंगवून सोडवला, तर १८० प्रश्नांत सरासरीने ४५ गुण पडतात. हा हिशेब समोर ठेवला म्हणजे ९६ कुठे उभे आहेत ते कळते.

अशा बातम्या आल्या की चर्चा लगेच आरक्षणावर जाते. फार तर 'पेपर अवघड होता' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ही रेषा इतकी खाली आली ती नियमातला एक शब्द बदलल्यामुळे, आणि तो बदल फेब्रुवारी २०१२ मध्ये झाला. त्या दिवसांत याची बातमीसुद्धा धड झाली नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश बराच काळ बारावीच्या पीसीबीच्या (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गुणांवर होत. एका मार्काने मेडिकल हुकले, ही त्या पिढीची बहुतेक घरांतली कथा. १९८३-८४ च्या सुमारास राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि त्यांच्यासोबत 'डोनेशन' हा शब्द घराघरांत पोचला. या डोनेशनवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने खासगी महाविद्यालयांतल्या जागा 'फ्री' आणि 'पेमेंट' अशा निम्म्या-निम्म्या वाटून दिल्या आणि दोन्हीकडे गुणवत्ता यादी सक्तीची केली. २००२ मध्ये ही वाटणी मोडीत निघाली. २००५ च्या निकालाने खासगी संस्थांना स्वतःच्या संघटनेमार्फत सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) घ्यायची मुभा मिळाली आणि १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवता येऊ लागल्या. 'कमी गुण, जास्त फी' या वाटेला कायद्यात बसणारा पहिला दरवाजा इथे मिळाला, असे माझे मत आहे.

परीक्षांचा धागा वेगळा. १९८४ आणि १९८६ च्या निकालांतून सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा देशभरासाठी खुल्या झाल्या आणि १९८८ पासून त्यांच्यासाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्राची स्वतःची सीईटी १९९९ ची.

मधल्या काळात, १९९७ मध्ये, देशाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियामक संस्थेने पदवी शिक्षणाचे नियम केले. त्यात दोन अटी शेजारी शेजारी होत्या. बारावीला पीसीबीत किमान ५० टक्के हवेत. प्रवेश परीक्षा असेल तर तिथेही किमान ५० टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे ४० टक्के. म्हणजे ५० हा आकडा नियमात दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ सरळ होता: शंभरातले पन्नास.

'किमान गुण' हा वाद त्या काळात आरक्षणाच्या चौकटीतच रंगे. पदव्युत्तर प्रवेशासाठी उत्तर प्रदेशाने खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला २० टक्के अशी रेषा ठेवली होती. ही तफावत फार मोठी असल्याचे सांगत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये ती अमान्य केली. तिथला २० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. कारण पुढे एमबीबीएसला खुल्या गटाची रेषाच त्याहून खाली गेली आणि तेव्हा गुणवत्तेच्या नावाने घटनापीठापर्यंत जाण्याची घाई कोणाला दिसली नाही.

आता मुख्य भाग. देशभर एकच परीक्षा घ्यायची अधिसूचना डिसेंबर २०१० मध्ये निघाली. त्यात जुनीच भाषा होती, ५० टक्के आणि ४० टक्के. परीक्षा प्रत्यक्षात व्हायच्या आधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये दुरुस्ती आली आणि '५० टक्के' ऐवजी '५०वा पर्सेंटाइल' असे शब्द बसले. राखीव प्रवर्गांसाठी ४०वा, खुल्या गटातल्या अपंगांसाठी ४५वा. आकडे तेच राहिले, म्हणून वरवर वाचणाऱ्याला फरक जाणवलाच नाही.

पर्सेंटाइलला गणिताच्या पुस्तकात 'शतमक' म्हणतात, पण तो शब्द पालकांपर्यंत कधी पोचला नाही. वर्तमानपत्रांनीही '५० टक्के पर्सेंटाइल' असा खिचडी शब्द वापरून गोंधळात भरच घातली. टक्केवारी सांगते की तुम्हाला पेपरातले किती आले. पर्सेंटाइल सांगतो की तुमच्या मागे किती जण आहेत. तुम्हाला काय येते हे त्याला विचारायचेच नसते. परीक्षा दिलेल्यांची गुणांनुसार रांग लावली आणि बरोबर मधोमध उभ्या असलेल्याचे गुण पाहिले, की ५०वा पर्सेंटाइल मिळाला. रांगेतल्या सगळ्यांचीच तयारी कच्ची असेल तर मधला माणूसही कच्चाच असणार, पण तो पात्र ठरतो.

नियमातले पुढचे वाक्य तर आणखी गमतीचे आहे. पर्सेंटाइल हा अखिल भारतीय सामाईक गुणवत्ता यादीतल्या सर्वोच्च गुणांच्या आधारे ठरवला जाईल, असे त्यात म्हटले आहे. सर्वोच्च गुणांवरून पर्सेंटाइल ठरत नाही, तो डोकी मोजून ठरतो. हे वाक्य वाचून अनेकांनी समज करून घेतला की पहिल्या आलेल्याच्या गुणांच्या निम्मे गुण लागतील. २०१८ मध्ये पहिला क्रमांक ६९१ गुणांचा होता. त्याचे निम्मे धरले असते तर रेषा ३४५ च्या वर गेली असती. प्रत्यक्षात ती ११९ वर थांबली. एका नियमाच्या दोन वाचनांत सव्वादोनशे गुणांचा फरक पडत असेल, तर तो नियम लिहिणाऱ्याला शतमक ठाऊक होता की नाही, अशी शंका येते.

बाजू घेणाऱ्यांचाही युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. पेपरची काठिण्यपातळी दरवर्षी बदलते, वजा गुण आहेत, त्यामुळे ठरीव ५० टक्के ठेवले तर एखाद्या वर्षी जागाच भरणार नाहीत. आपल्या जुन्या सीईटीला वजा गुण नव्हते आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाचा होता. तिथले ५० टक्के आणि नीटमधले ५० टक्के म्हणजे ३६० गुण, हे एका तराजूत बसत नाहीत, हे मान्य. पण काठिण्याचा प्रश्न सोडवायला रेषा थोडी लवचिक करता आली असती. तिचा गुणांशी असलेला संबंधच तोडून टाकायची गरज नव्हती.

संबंध किती तुटला आहे हे आकड्यांवरून दिसते. २०१७ मध्ये सुमारे १०.९ लाख मुले परीक्षेला बसली आणि ६.११ लाख पात्र ठरली. २०२४ मध्ये २३.३ लाखांतून सुमारे १३.१६ लाख. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, अनेकांना रडवून गेला. तरी २२ लाखांतून १२.३६ लाख पात्र. तिन्ही वर्षी प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास. खुल्या गटाची पात्रता रेषा मात्र २०१७ ला १३१, २०१८ ला ११९, २०२० ला १४७, २०२२ ला ११७, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ आणि २०२५ ला १४४ अशी वरखाली होत राहिली. पेपर कसाही असो, निम्म्याहून थोडे अधिक जण 'क्वालिफाय' होणारच, कारण सूत्रच तसे आहे. क्लासवाल्यांच्या फलकांवर 'आमचे इतके विद्यार्थी नीट क्वालिफाईड' असे अभिमानाने लिहिलेले असते, ते या प्रमाणासह वाचावे.

आणखी एक गोष्ट. विषयवार किमान गुणांची अट नाही. जीवशास्त्राने तारले तर भौतिकशास्त्रात शून्य किंवा उणे गुण असलेला विद्यार्थीही पात्र ठरू शकतो. बारावीची ५० टक्क्यांची अट नीट आल्यावरही राहिली, पण तिथे प्रत्येक विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते कसे पडतात हे आपण सगळे जाणतो.

नीटचा प्रवास सरळ झाला नाही. पहिली परीक्षा ५ मे २०१३ ला झाली आणि १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी नीटची अधिसूचना रद्द केली. २०१४ आणि २०१५ ला महाराष्ट्र पुन्हा सीईटीकडे वळला. ११ एप्रिल २०१६ ला तो जुना निकाल मागे घेतला गेला आणि २८ एप्रिलला आदेश आला की याच वर्षी नीट. १ मे ला पहिला टप्पा आणि ५ मे ला राज्याची सीईटी. दोन वर्षे राज्य मंडळाची पुस्तके घोकलेल्या मुलांना आठवड्याभरात सांगितले गेले की परीक्षा वेगळी आहे. त्या मे महिन्यातली पालकांची धावपळ ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. अखेर २४ मे च्या अध्यादेशाने राज्य कोट्याच्या जागांना एक वर्षाची सूट मिळाली, खासगी आणि अभिमत (डीम्ड) संस्थांना मात्र नीट लागू राहिली. या गदारोळात 'नीट असावी की नसावी' एवढाच वाद झाला. पात्रतेची व्याख्या चार वर्षांपूर्वीच बदलून बसली होती, तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे खरे. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. महाराष्ट्रात खुल्या गटाची सरकारी महाविद्यालयांची यादी ज्या गुणांवर थांबते ते पात्रता रेषेच्या तिप्पट-चौपट असतात. मग १५० गुणांवर जागा कोणाला मिळते? फेऱ्या चालू असताना वरच्या क्रमांकाची मुले अभिमत विद्यापीठाच्या जागेला नाही म्हणत जातात, कारण वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे असते. पहिली फेरी, दुसरी फेरी, मग उरलेल्या जागांच्या मॉप-अप आणि स्ट्रे फेऱ्या, असे करत यादी खाली उतरते आणि जो फी भरू शकतो त्याच्यापाशी थांबते. एनआरआय कोट्यात हा उतार आणखी तीव्र. पूर्वी डोनेशन टेबलाखालून जायचे. आता रक्कम पावतीवर येते आणि उमेदवाराच्या हातात 'नीट पात्र' असा कागदही असतो. डोनेशनला आळा बसला हे नीटचे श्रेय नाकारता येत नाही. पण ठरीव ५० टक्के राहिले असते, तर महागड्या जागांसाठी गिऱ्हाईक मिळवणे संस्थांना बरेच जड गेले असते. जिल्ह्याच्या गावातली ४८० गुणांची मुलगी घरी बसते आणि १५० वाला डॉक्टर होतो, तो याच घसरगुंडीवरून.

पुढे रेषा आणखी खाली आणण्याची सवय लागली. पुरेसे उमेदवार नसतील तर केंद्राने किमान गुण शिथिल करावेत, अशी तरतूद नियमांत आहेच. दंतवैद्यकाला २०१९-२० मध्ये १० पर्सेंटाइलची सूट मिळाली. पुढच्या वर्षी केंद्राने नकार दिला, तेव्हा सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो नकार बेकायदा ठरवून सूट द्यायला लावली. याच न्यायालयाने जून २०२२ मध्ये पदव्युत्तरच्या १,४५६ रिकाम्या जागांसाठी आणखी एक फेरी घ्यायला नकार दिला आणि गुणवत्तेशी तडजोड नको असे बजावले. सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२३ मध्ये, पदव्युत्तर नीटची रेषा सर्व गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र, गुण शून्याखाली असले तरी. उमेदवार आधीच एमबीबीएस झालेले आहेत, असे समर्थन तेव्हा केले गेले. ते एमबीबीएसला कोणत्या रेषेवरून आले, हा प्रश्न त्यात विचारातच घेतला नव्हता.

राहिला परदेशाचा मार्ग. २०१८ पासून बाहेर एमबीबीएस करायलाही नीट पात्रता लागते. १४०-१५० गुण असलेल्या आणि अभिमतची फी न झेपणाऱ्या कुटुंबांचा ओढा त्यामुळे रशिया, युक्रेन, किर्गिझस्तानकडे राहिला. २०२२ च्या युद्धात युक्रेनहून परतलेली हजारो मुले यातलीच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी त्यांच्यासाठी ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची केली आहे. परत आल्यावर त्यांना २००२ पासून चालू असलेली चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती ३०० गुणांची असते आणि उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. पर्सेंटाइल तिथे नाही, ५० टक्के म्हणजे ५० टक्केच.