गाण्याच्या क्लासमधली तक्रार कुठे अडते? खानदेशातून पाहिलेली पार्श्वभूमी

गाण्याच्या क्लासमध्ये एखाद्या विद्यार्थिनीला शिक्षा करायची तर लेखी आदेश काढावा लागत नाही. तिची बंदिश अर्धी ठेवायची. तानपुरा दुसरीच्या हाती द्यायचा. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तिचे नाव खाली ढकलायचे आणि ऐन वेळी 'वेळ संपली' म्हणायचे. परीक्षेचा फॉर्म 'राहून गेला' म्हणून सांगायचे. यातले काहीच सिद्ध करता येत नाही. 'तुझा आवाज अजून तयार नाही' हे वाक्य संगीतात खरेही असू शकते आणि सूडाचेही. लैंगिक छळाबद्दल तोंड उघडणाऱ्या मुलीला पुढे काय भोगावे लागते हे समजून घ्यायचे, तर शिकवणारा आणि शिक्षा करणारा हात एकच असण्याचा हा इतिहास आधी पाहावा लागतो.

घराण्यांच्या काळात विद्या गुरूच्या घरात राहून, त्याच्या मर्जीनेच मिळायची. गंडा, म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा धागा, बांधला की शिष्य त्या घराचा झाला. पाणी भरणे, पाय चेपणे, बाजारहाट, सगळे तालमीतच धरले जाई. एखादी चीज, म्हणजे बंदिश, द्यायची की दडवून ठेवायची हे गुरूने ठरवायचे आणि त्यावर दाद मागायची जागा नव्हती. तेव्हा जाहीरपणे गाणाऱ्या बायका बहुतेक कलावंतिणींच्या घरांतल्या. त्यांच्यावरच्या जबरदस्तीला जबरदस्ती म्हणायलाच समाज तयार नव्हता.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणले. संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून स्वरलिपीत छापल्या. १९३१ साली पलुस्कर गेले आणि त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज गावोगावच्या पोरांना पाठ आहे ती तिथली. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाण्याचे दार उघडले.

ते उघडले एका अटीवर. गाणे 'सोज्वळ' राहील, मुलगी घरंदाज राहील, एवढ्या भरवशावर आईबाप तिला क्लासला पाठवू लागले. मग तिथे काही वाकडे घडले तर पहिला घाव पडायचा तो तिच्याच गाण्यावर: उद्यापासून क्लास बंद. माझ्या मते सगळी गुंतागुंत इथेच सुरू होते. सुधारकांनी अभ्यासक्रम आणला, स्वरलिपी आणली, बाहेरचा परीक्षक आणला, शिक्क्याचे प्रमाणपत्र आणले. दाद मागायची जागा मात्र कुणी आणली नाही. ती लागेल असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसावे.

खानदेशाचे गाण्याशी नाते नवे नाही. नारायण राजहंस पुढे बालगंधर्व झाले, पण लहानपणी ते जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले. आजही जळगावचे खुले नाट्यगृह बालगंधर्वांच्या नावाने ओळखले जाते. मात्र मुंबई-पुण्यासारखी निवड इथे कधी नव्हती. पुण्यात एका बुवांकडे जमले नाही तर पुढच्या पेठेत दुसरे भेटतात. शहादा, पारोळा किंवा यावलला ख्याल शिकवणारे बहुधा एखादेच. तेच शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटीवर बसणार, तेच स्पर्धेचे परीक्षक, तेच भजनी मंडळाच्या ओळखीतले आणि मुलीच्या वडिलांचेही ओळखीचे. सर बदलायचे म्हणजे गाणे सोडायचे किंवा एसटीने तासन्‌तास प्रवास करायचा.

त्यात गेल्या काही वर्षांत एक भर पडली. २०१७ च्या शासन निर्णयांनंतर दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. निर्णय चांगला, क्लासही भरले. पण एरवी सूर लागला की नाही एवढेच ठरवणाऱ्या माणसाच्या हातात आता मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा एक धागा आला. बहुतेक क्लासांत फॉर्म भरण्यापासून गुणांचा प्रस्ताव वेळेत पोचवण्यापर्यंत सगळे सरांच्या मर्जीवरच चालते.

आणि खानदेशात १९९४ विसरता येत नाही. त्या वर्षी जळगावात मुलींना जाळ्यात ओढायचे, त्यांची छायाचित्रे काढायची आणि त्या धाकावर शोषण चालू ठेवायचे, असे प्रकरण बाहेर आले. राजकीय वजन असलेल्या माणसांची नावे त्यात आली. त्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता. पण पुढे जे झाले ते या भागातल्या प्रत्येक आईने मनात साठवून ठेवले. बऱ्याच जणी तक्रारीला आल्याच नाहीत, काही साक्षी फिरल्या, कोर्टातून आरोपी मोठ्या प्रमाणावर सुटले. जळगावच्या मुलींच्या स्थळांवर त्याचे सावट कितीतरी काळ होते, असे लोक अजून सांगतात. 'गप्प बस, लग्न व्हायचंय' हा सल्ला घरातून येतो तो निव्वळ भित्रेपणातून येत नाही. तक्रार करणाऱ्यांचे आणि न करणाऱ्यांचेही काय झाले ते या शहराने पाहिलेले आहे. क्लासमधल्या सूडाला इथे घरातून आयती साथ मिळते ती अशी.

कायद्याची गोष्ट सुरू होते तीही सूडापासूनच. राजस्थानात भंवरी देवी या सरकारी साथिनीने, म्हणजे गावात महिला विकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्तीने, एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा बदला म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावाने बहिष्कार टाकला. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्या धगीतून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक सूचना स्पष्ट होती: तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास किंवा भेदभाव सोसावा लागणार नाही, याची काळजी मालकाने घ्यावी.

कायदा व्हायला पुढे सोळा वर्षे गेली. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. छळाच्या व्याख्येत कामात नुकसान करण्याची उघड किंवा आडून दिलेली धमकी येते. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते. पण सूड घेण्यास मनाई करणारे स्वतंत्र, ठसठशीत कलम त्यात नाही. खोट्या तक्रारीबद्दलचे कलम १४ मात्र आहे, आणि गावात लोकांना बाकी काही ठाऊक नसले तरी हे बरोबर ठाऊक असते. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. ते मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

सूडबंदीची गोष्ट पुन्हा आली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत. ते मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. तक्रारदारावर किंवा तिच्या जवळच्यांवर बदल्याची कारवाई होऊ नये, हे तिथे जबाबदारी म्हणून लिहिले आहे. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या शिक्षकाला तक्रारदाराचे पेपर, प्रात्यक्षिक, मूल्यमापन यांपासून दूर ठेवता येते. संगीताच्या दृष्टीने मला हीच सर्वांत नेमकी तरतूद वाटते, कारण इथे सगळा खेळ मूल्यमापनाचाच आहे. प्रवास आणि सांस्कृतिक महोत्सवाची जागा हीही कॅम्पसच्या विस्तारात धरली आहे. म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग' या युवक महोत्सवासाठी समूहगीताचा संघ गाडीने निघाला, की त्या गाडीत काय घडते तेही महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीच्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या, कक्षेत येते. हे विनियम मुलग्यांनाही लागू आहेत. २०१३ चा कायदा फक्त महिलांसाठी आहे.

अठरा वर्षांखालच्यांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आहे, मुलगा असो वा मुलगी. तिथे तक्रार द्यायची की नाही हा प्रश्न मोठ्यांना उरतच नाही. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायचे, न कळवणे हाच गुन्हा, आणि संस्थाचालकाने दडवले तर एक वर्षापर्यंत कैद. 'आपण सरांशी बोलून मिटवू' म्हणणाऱ्या काकांना आणि मुख्याध्यापकांना हे कुणीतरी सांगायला हवे. तबल्याच्या खासगी क्लासमधला वीस वर्षांचा मुलगा मात्र यांपैकी कशातही बसत नाही.

संगीत शिकवणाऱ्या संस्थांमध्ये तक्रारी बाहेर येऊ लागल्या तेव्हा सूडाचे प्रकारही दिसू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दक्षिणेत गायिका-विद्यार्थिनी बोलू लागल्या. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने त्या डिसेंबरच्या महोत्सवातून आरोप झालेल्या सात कलाकारांना वगळले. नोव्हेंबरमध्ये एका गीतकारावर आरोप करणारी गायिका चिन्मयी श्रीपाद हिचे डबिंग कलाकारांच्या संघटनेतले सदस्यत्व गेले. कारण दिले वर्गणी थकल्याचे. संगीतातल्या सूडाचा चेहरा हा असा नियमातला, पावतीवरचा असतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ध्रुपद ही जुनी गायनपद्धत शिकवणाऱ्या भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थ्यांनी गुरूंवर आरोप केले. सुरुवात नाव न सांगता झाली आणि आरोप नाकारले गेले. नाव का सांगितले नाही, असे विचारणाऱ्यांनी आधी ध्रुपद शिकवणारी दुसरी गुरुकुले देशात किती आहेत ते मोजावे. नृत्य-संगीत शिकवणाऱ्या चेन्नईच्या कलाक्षेत्रात तर केंद्र सरकारची संस्था असूनही व्यवस्थापनाने आधी सगळे अफवांवर टाकले. मार्च २०२३ च्या अखेरीस विद्यार्थी धरण्यावर बसले, एप्रिलमध्ये एका सहायक प्राध्यापकाला अटक झाली आणि निवृत्त न्यायमूर्ती के. कण्णन यांची समिती नेमली गेली. तिथे एकेकटीने नव्हे, घोळक्याने बोलल्यामुळे काही हलले.

परदेशातले एकच उदाहरण. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या चेटम्स संगीत शाळेत शिकलेल्या व्हायोलिनवादक फ्रान्सेस अँड्रेड यांनी शाळेच्या माजी संगीत संचालकाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली. उलटतपासणीत त्यांना खोटारडी ठरवण्याचा प्रयत्न झाला. निकाल लागायच्या आधी, जानेवारी २०१३ मध्ये, त्यांनी जीव दिला. संचालक दोषी ठरला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. कायदा, कोर्ट, पोलीस सगळे जागेवर असतानाही तक्रार करणारीने काय मोजले ते यात दिसते.

परत खानदेशात येऊ. महाविद्यालयात संगीत शिकणारीला निदान अंतर्गत समिती आहे. शाळेतलीला २०२२ पासून सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, निदान शासन निर्णयात तरी. पण बहुसंख्य मुली गाणे शिकतात ते सरांच्या घरच्या माडीवर. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पन्नासपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग वगळले आणि नृत्य, नाट्य व इतर सर्जनशील शिक्षणही वगळले. म्हणजे गाण्याचा क्लास दोन्ही दारांतून बाहेर.

तरी एक दार २०१३ च्याच कायद्यात आहे आणि ते फार कमी जणांना माहीत आहे. 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत शैक्षणिक सेवा देणारा खासगी उपक्रम येतो, राहते घरही येते. पीडित महिला नोकरीत असलीच पाहिजे असे नाही, तिला वयाचीही अट नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागेसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तालुक्याला, आदिवासी भागातही, तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला म्हणून अक्कलकुव्याच्या मुलीची समिती निदान धुळ्याला नाही. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटले तर आणखी तीन. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात समित्या खरोखर आहेत का ते तपासायला सांगितले आणि डिसेंबर २०२४ मध्ये या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी नेमण्यासाठी मुदत घालून दिली.

मात्र ही समिती शिक्षकाला शिक्षा सुचवू शकली, तरी विशारदच्या फॉर्मवर सही कुणाची घ्यायची याचे उत्तर तिच्याकडे नाही. ते परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे आहे. केंद्रांच्या याद्या त्यांच्याकडे, परीक्षक त्या पाठवतात, शुल्क त्या घेतात. तक्रार चालू असताना विद्यार्थिनीचा फॉर्म शिक्षकाला वगळून थेट घ्यायचा आणि तिची प्रात्यक्षिक परीक्षा शेजारच्या तालुक्याच्या केंद्रावर ठेवायची, यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.